सॅमन चढतात त्या दिवसांत

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. सिएटलला येऊन तुला अजून पुरते वर्ष झालेले नाही आणि पहिल्याच शरदात तुला सॅमन धरायचे आहेत. त्यासाठी रॉड कोणता घ्यावा, रीळ कोणते घ्यावे, असे तू विचारले आहेस. त्याचे उत्तर देतो, पण जरा पुढे. आधी एक पोलराइज्ड चष्मा घे. पाण्यावरची चकाकी त्याने नाहीशी होते आणि तळातले गोटे, त्यांच्यावर स्थिर उभा असलेला मासा, त्याच्या मागे लपलेला दुसरा मासा, असे सगळे दिसू लागते. सप्टेंबर महिना या चष्म्यातून नुसता पाहण्यात घालव आणि गळ ऑक्टोबरात टाक. या दिवसांत कोणत्या माशाच्या वाटेला जायचे नाही हे ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या हाती कितीही चांगला रॉड दिला तरी तो नदीचे नुकसानच करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तू कोकणातली असल्यामुळे चढणीचे मासे तुला सांगायला नकोत. मृगाचा पाऊस कोसळला की गाभोळीने भरलेले मासे नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरांत चढतात आणि सगळा गाव जाळी, टोपल्या, काठ्या घेऊन धावतो. येथेही पावसाने पाणी वाढले की मासे चढतात. मात्र येथला मासा समुद्रातून येतो, ज्या ओढ्यात जन्मला तोच ओढा पाण्याच्या वासावरून शोधून काढतो, आणि पॅसिफिक सॅमनच्या पाचही जाती, म्हणजे चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक, अंडी घालून झाल्यावर मरतात. कोकणातला चढणीचा मासा वाचला तर पुढल्या पावसात पुन्हा चढू शकतो. या माशाला दुसरा पाऊस नाही.

पाहण्याची सुरुवात सिएटलमधल्या बॅलर्ड भागातल्या लॉक्सपासून, म्हणजे बोटी वरखाली नेणाऱ्या पाण्याच्या दरवाजांपासून, कर. 1917 साली सुरू झालेल्या या जलपाशांच्या बाजूला माशांसाठी पाण्याच्या पायऱ्या केलेल्या आहेत. सध्याच्या 21 पायऱ्या 1976 च्या आहेत आणि तेथे जमिनीखाली उतरून काचेतून मासे पाहता येतात. सॉकाय तेथून जुलैत जातात, चिनूक ऑगस्टअखेर आणि कोहो सप्टेंबरच्या उत्तरार्धात भरात येतात. तेथे दिसणारा मासा नुकताच समुद्रातून आलेला, चांदीसारखा, घट्ट अंगाचा असतो. तो रंग डोळ्यांत साठवून ठेव, कारण पुढे तुला त्याच्याशीच तुलना करायची आहे. नंतर इसाक्वाला जा. तेथली हॅचरी, म्हणजे माशांची पिल्ले वाढवण्याचे केंद्र, 1936 ची आहे आणि ओढा गावाच्या मधून वाहतो. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी तेथे सॅमनचा उत्सव असतो, त्या गर्दीत जाऊ नकोस. मधल्या एखाद्या मंगळवारी सकाळी जा, म्हणजे हॅचरीतले स्वयंसेवक निवांतपणे प्रश्नांची उत्तरे देतात. रेंटनचे ग्रंथालय सीडर नदीवरच बांधलेले आहे, तेथून ऑक्टोबरात लाल अंगाचे, हिरव्या डोक्याचे सॉकाय दिसतात. या सॉकायची संख्या इतकी घटली आहे की लेक वॉशिंग्टनमध्ये 2006 नंतर त्यांचा हंगाम उघडलेला नाही, त्यामुळे ते केवळ पाहायचे.

खरे पाहणे मात्र नोव्हेंबरात, ऑलिंपियाच्या पलीकडे, केनेडी क्रीकवर. तेथे चम सॅमन येतात. पाणी गुडघाभर आणि स्वच्छ असते, पायवाट ओढ्याला लागून जाते, आणि मासे इतके जवळ असतात की चष्मा नसला तरी चालावे. एका मादीवर नजर ठेव आणि तिला सोडून दुसरीकडे पाहू नकोस. ती कुशीवर होते, शेपटीचे चारसहा जोरदार फटके मारते, आणि गाळाचा एक ढग प्रवाहाबरोबर निघून जातो. ती शेपटीने दगड ढकलत असावी असे वाटते, पण प्रत्यक्षात शेपूट वर उचलली जाताना पाणी खेचले जाते आणि त्या ओढीने खडी उचलून खाली वाहत जाते. मग ती खळग्यावर येऊन पोटाखालचा पर आत सोडते आणि खोली चाचपते. पुन्हा खणते, पुन्हा चाचपते. शेजारी आकडीसारखा जबडा वळलेला मोठा नर इतरांना हुसकावत असतो. खळगा मनासारखा झाला की ती त्यात बसते, नर तिला बिलगतो, दोघेही तोंड पूर्ण उघडून थरथरतात, आणि काही क्षणांत दुधासारखा पांढरा ढग पसरतो. इतके झाल्यावर ती लगेच थोडी वर सरकून नवा खळगा खणू लागते, आणि त्यातून उडालेली खडी खालच्या अंड्यांवर पसरून त्यांना झाकते. एक मादी असे अनेक खळगे करते आणि त्यांत मिळून काही हजार अंडी घालते.

या घरट्याला येथे रेड म्हणतात, आणि ते ओळखता येणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आजूबाजूचे दगड शेवाळाने, गाळाने काळपट असतात आणि रेडचा भाग मात्र घासून धुतल्यासारखा उजळ दिसतो: वरच्या अंगाला खोलगट, खालच्या अंगाला खडीचा लांबट उंचवटा. अंडी त्या उंचवट्यात असतात. वेडर्स (छातीपर्यंतची जलरोधक विजार) घालून पाण्यात उतरलेल्या नवख्या माणसाला उभे राहायला हीच मऊ, स्वच्छ खडी सोयीची वाटते आणि एका पावलाखाली किती अंडी चिरडली गेली हे त्याला कळतही नाही. मासे मरून गेल्यावरही अंडी, आणि त्यांतून निघालेली पिल्ले, वसंतापर्यंत त्या खडीतच असतात. म्हणून डिसेंबरातही नदी ओलांडताना उजळ पट्टे टाळून मोठ्या गोट्यांवरून जावे.

सॅमनच्याच कुळातल्या ट्राउटविषयी तुझी समजूत थोडी दुरुस्त करायला हवी. शरदात सॅमनच्या मागे जे ट्राउट दिसतात तेही अंडी घालायला आलेले आहेत, असे तू लिहिले आहेस. तसे नाही. येथले मूळचे कटथ्रोट आणि रेनबो हे ट्राउट हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात अंडी घालतात. रेनबोचाच समुद्रात जाऊन येणारा प्रकार म्हणजे स्टीलहेड, आणि तो सॅमनसारखा एकदा अंडी घालून हमखास मरत नाही. शरदात हे ट्राउट येतात ते खायला. रेडमधून निसटलेली, प्रवाहात वाहत जाणारी नारिंगी अंडी टिपण्यासाठी ते सॅमनच्या मागे थोड्या अंतरावर रांग धरतात. म्हणून ट्राउट हवा असेल तर अंड्याच्या आकाराचा फिका मणी, त्याच्या जवळ बारीक गळ, आणि हे सगळे रेडच्या बरेच खाली, जेथे खळाळ संपून पाणी खोल व्हायला लागते तेथे वाहू द्यावे. खुद्द रेडवर टाकू नये. बुल ट्राउट हा मात्र खरोखरच शरदात, वरच्या अतिथंड ओढ्यांत अंडी घालतो आणि 1999 पासून तो संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे. त्याच्या पाठीवरच्या परावर काळे ठिपके नसतात. तसा मासा लागला तर पाण्यातच गळ काढून त्याला जाऊ दे.

आता धरण्याकडे वळू. नवशिक्यासाठी मी कोहो सुचवीन. चिनूक जड असतो, आणि सिएटललगतच्या प्युजेट साउंड या खाडीतला चिनूकही 1999 पासून संरक्षित यादीत असल्यामुळे त्याचे नियम फार गुंतागुंतीचे आहेत. पिंक सोपे असतात, पण या भागात ते प्रामुख्याने विषम वर्षीच मोठ्या संख्येने येतात. कोहो चलाख आणि लहरी असतो, त्याच्याकडून शिकायला पुष्कळ मिळते. साडेआठ फुटांच्या आसपासचा मध्यम ताकदीचा स्पिनिंग रॉड, तीन हजार आकाराचे रीळ आणि त्यावर वेणीची दोरी इतके पुरे. सॅमन गोड्या पाण्यात शिरल्यावर खाणे सोडतो, त्यामुळे त्याला भूक लागेल या आशेवर आमिष लावण्यात अर्थ नाही. तो झडप घालतो ती चिडून, किंवा समुद्रातल्या सवयीने. म्हणून फिरणारी पाती किंवा झटके देत ओढायची जिग (वजनदार डोक्याचा, नकली आमिषाचा गळ) वापरतात. जिग बुडू द्यावी, मनगटाने एक झटका द्यावा, पुन्हा बुडू द्यावी. कोहो बहुतेक वेळा ती बुडत असतानाच घेतो. त्याची जागा मुख्य धारेत नसते. पडलेल्या ओंडक्याशेजारचे संथ, हिरवट, डोहासारखे पाणी शोध, आणि उजाडताच तेथे हजर राहा.

पाण्याचा अंदाज कॅलेंडरपेक्षा पावसावरून घ्यावा. कोरड्या सप्टेंबरात मासे नदीच्या तोंडाशी खोळंबून राहतात. पहिला दणका पाऊस झाला की नदी चढते, गढूळ होते आणि मासे आत शिरतात. त्या दिवशी धावत जाण्याची गरज नाही. पाणी उतरू लागून त्याला हिरवट छटा आली आणि दोनतीन फूट खोलवर दिसू लागले की तो दिवस तुझा. यूएसजीएस या अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर स्कायकोमिशसारख्या नद्यांच्या पाण्याचे तासातासाचे आकडे मिळतात, त्यांच्या आलेखाची उतरती बाजू पाहण्याची सवय लाव.

मासा लागला की तो कोणत्या अवस्थेत आहे ते पाहा. अजून चंदेरी आहे, अंग घट्ट आहे, तर तो प्रवासात आहे. अंगावर लाली किंवा काळपटपणा चढला आहे, जबडा वळला आहे, शेपटीची कड खणून खणून पांढरी पडली आहे, तर तो कामाला लागलेला आहे. त्याचे मांस फिके, पाणचट झालेले असते आणि त्याला नेऊन काहीच साधत नाही. उथळ पाण्यात जोडीने उभ्या असलेल्या माशांवर गळ टाकणारे लोक तुला दिसतील. कित्येकदा तो गळ तोंडात न लागता अंगात रुततो, आणि असा मासा ठेवणे येथे बेकायदा आहे. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण त्यांच्या शेजारी उभीही राहू नकोस.

नियमांत टाळाटाळ करू नये. परवान्याचे वर्ष 1 एप्रिलला सुरू होते. परवान्याबरोबर मिळणाऱ्या कार्डावर ठेवलेल्या सॅमनची नोंद तेथल्या तेथे करायची असते, घरी येऊन नव्हे. हॅचरीत वाढवलेल्या माशांचा पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर लहानपणीच कापलेला असतो. तो शाबूत असेल तर मासा बहुधा रानटी, आणि पुष्कळ ठिकाणी तो सोडावाच लागतो. सोडायचा सॅमन फोटोसाठीसुद्धा पाण्याबाहेर पूर्ण उचलायचा नाही. राज्याचे मत्स्य व वन्यजीव खाते हंगाम ऐनवेळी बंद करू शकते, त्यामुळे आदल्या रात्री त्यांचे ॲप पाहिल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

नदीत आडवी लावलेली जाळी पाहून तुला राग येईल; येथल्या अनेक हौशी मंडळींना येतो आणि ते तोंडाला येईल ते बोलतात. ती जाळी मकलशूट, टुलॅलिप यांसारख्या येथल्या मूळनिवासी जमातींची असतात. अमेरिकी सरकारशी झालेल्या 1854 आणि 1855 च्या करारांत या लोकांनी जमीन दिली, पण आपल्या नेहमीच्या ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे तो हक्क शंभर वर्षे पायदळी तुडवला गेला, निस्क्वाली जमातीच्या बिली फ्रँक ज्युनियर यांच्यासारख्या माणसांनी मासे धरल्याबद्दल वारंवार अटक सोसली, आणि 1974 साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी धरता येण्याजोग्या माशांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा त्यांचा आहे असा निकाल दिला. त्या जमाती आज राज्याच्या बरोबरीने हंगाम ठरवतात आणि स्वतःच्या हॅचऱ्याही चालवतात. आपण दोघेही येथे परवाना काढून पाहुणे म्हणून मासे धरतो, हे लक्षात असू दे.

शहरातल्या ओढ्यांत, उदाहरणार्थ वेस्ट सिएटलच्या लाँगफेलो क्रीकमध्ये, एखादे वेळी पावसानंतर एक विचित्र दृश्य दिसेल: चंदेरी कोहो मादी पृष्ठभागावर तोंड उघडून गोल गोल फिरते आणि काही तासांत मरते, पोटात सगळी गाभोळी तशीच. कित्येक वर्षे याचे कारण सापडत नव्हते. 2020 च्या डिसेंबरात संशोधकांनी दाखवून दिले की टायर टिकाऊ व्हावेत म्हणून घातलेल्या 6पीपीडी या रसायनापासून, ओझोनशी संयोग होऊन, एक विषारी द्रव्य तयार होते आणि रस्त्यावरची टायरची भुकटी पावसाबरोबर ओढ्यात जाते तेव्हा तेही जाते. चम त्याच पाण्यात तग धरतो, कोहो धरत नाही. रस्त्याचे पाणी माती आणि पालापाचोळ्याच्या थरातून गाळून सोडले तर कोहो वाचतात हेही सिद्ध झाले आहे, आणि तसे वाफे शहरात होऊ लागले आहेत. गाडी घेऊनच नदीवर जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे माहीत करून घ्यावे.

ठेवायचा मासा डोक्यावर एकाच घावात मारावा, लगेच कल्ले कापून रक्त वाहू द्यावे आणि बर्फात घालावा. तासभर उन्हात ठेवलेल्या माशाला कोणतेही वाटण वाचवू शकत नाही. कोहो बांगड्याइतका उग्र नाही, पण तेलकट आहे, तेव्हा तिरफळ आणि कोकम पुरे, नारळ बेताने.

चष्मा घेतलास की कळव. सप्टेंबरच्या अखेरीस आपण लॉक्सवर जाऊ, आणि रॉड माझ्याकडचाच एक तुला देईन, तोपर्यंत नवा घेऊ नकोस.

तुझा,
काका

ता. क. तुझ्या कुत्र्याला ओढ्याकाठी मोकळे सोडू नकोस. येथल्या कच्च्या सॅमनमध्ये एक परजीवी असतो आणि त्याच्यातल्या जिवाणूमुळे कुत्री गंभीर आजारी पडतात. उपचार झाले नाहीत तर दगावतात. मेलेला मासा त्याने खाल्लाच, तर ताप येण्याची वाट न पाहता पशुवैद्याला त्याच दिवशी फोन कर.