एकदा पूर्ण केलेला स्कायरिम माझा मुलगा पुन्हा पहिल्यापासून का खेळतो?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगा इंजिनिअरिंगला आहे. वाढदिवसाला त्याला 'विचर ३' हा कॉम्प्युटर गेम घेऊन दिला, तो त्याने आवडीने पूर्ण केला आणि मग परत स्कायरिम हा जुना गेम लावून बसला. तेही जुना खेळ पुढे न नेता, नवं पात्र बनवून, अगदी पहिल्या मिनिटापासून. "एकदा गोष्ट कळल्यावर परत काय बघायचं असतं त्यात?"

मी नाशिकला कॉम्प्युटर जोडणी-दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि स्कायरिम ज्या मालिकेतला आहे ती एल्डर स्क्रोल्स मालिका तिच्यातल्या मॉरोविंड या जुन्या गेमच्या काळापासून खेळत आलोय. तुमच्या मुलासारखी गिऱ्हाइकं माझ्याकडे नेहमी येतात. त्यात सिडकोतली पोरं आहेत तसे निवृत्तीला टेकलेले बँकवालेही आहेत. म्हणजे पहिली गोष्ट, हे वयाचं खूळ नाही. अमेरिकेत शर्ली करी नावाच्या आजी ऐंशी उलटल्यावरही स्कायरिम खेळून त्याचे व्हिडिओ टाकत होत्या.

दुसरी गोष्ट, कथेसाठी कोणी परत येत नाही. स्कायरिमची मुख्य कथा बेताचीच आहे. आल्डुइन नावाचा ड्रॅगन परतलाय, तो जग गिळणार आहे आणि त्याला रोखायची ताकद जन्मतःच तुमच्यात आहे. झालं. विचर ३ लिहिणाऱ्यांनी याच्यापेक्षा कितीतरी सरस लिहिलंय, हे मी स्कायरिमचा भक्त असूनही म्हणतो. पण विचरमध्ये तुम्ही गेराल्ट नावाचा ठरलेला नायक असता. त्याचं वय, त्याचा भूतकाळ, त्याच्या आयुष्यातल्या बायका, लेकीसारखी वाढवलेली सिरी, सगळं आधीच ठरलेलं. तुम्ही त्याच्या आयुष्यातले काही निर्णय घेता, आणि त्याची गोष्ट मार्गी लागली की तुमचंही काम संपतं. उत्तम कादंबरी वाचून झाल्यावर कपाटात जाते तसा तो गेम कपाटात गेला. तुमचे पैसे वाया गेलेले नाहीत.

स्कायरिमची सुरुवात बघा. हात बांधलेले, बैलगाडीसारखी घोडागाडी, बर्फाळ रस्ता. हेल्गन नावाच्या गावात मुंडकं उडवायला नेतायत. शिपाई यादी वाचतो, तुमच्यापाशी येतो आणि अडतो, कारण यादीत तुमचं नावच नाही. "तू कोण?" असं तो विचारतो आणि तिथेच पात्र बनवायचा पडदा उघडतो. वंश, चेहरा, नाव तुम्ही ठरवायचं. घर कुठे, आईबाप कोण, याबद्दल गेम एक अक्षर बोलत नाही. मग ड्रॅगन येतो, पळापळ होते, एका भुयारातून तुम्ही बाहेर पडता आणि समोर अख्खा मुलूख. त्यानंतर तुम्हाला कोणीही अडवत नाही. सोबतचा माणूस रिव्हरवूडला चल म्हणतो. नाही गेलात तरी चालतं.

आल्डुइन जग गिळणार असतो ना, तो थांबतो. तुम्ही लाकडं फोडा, फुलपाखरं पकडा, कोबीचं सूप करा, लग्न करा, घर बांधा. त्याला काही घाई नसते. समीक्षक याला दोष म्हणतात आणि कागदावर तो आहेच. पण दिवसभर ज्याच्या मागे सबमिशन आणि व्हायवा लागलेत, त्याला संध्याकाळी जगाचा अंतसुद्धा आपली वाट बघतोय हे फार बरं वाटतं. शिवाय एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळीसला भिडला की पडद्यावरचा बर्फ बघायलाही बरं वाटतं, ते वेगळं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. नवं पात्र कशाला?

बहुतेक अशा गेममध्ये राक्षस मारले की गुण मिळतात आणि ते गुण हव्या त्या रकान्यात टाकता येतात. शंभर लांडगे तलवारीने मारून तुम्ही कुलपं उघडण्यात पटाईत होऊ शकता. एल्डर स्क्रोल्समध्ये जे कराल तेच वाढतं. तलवार चालवा, तलवार सुधारेल. लोहारकाम करा, लोहारकाम. जखमा भरा, उपचाराचे मंत्र. कोणाच्या पाठीमागे वाकून दबकत चाला, लपण्याची कला. स्कायरिममध्ये अशी १८ कौशल्यं आहेत, त्याच्या आधीच्या ऑब्लिव्हियनमध्ये २१ होती, मॉरोविंडमध्ये २७. म्हणजे पात्र बनतं ते तुम्ही सुरुवातीला काय ठरवलं त्यातून नाही, तुमच्या सवयींतून. आणि सवयी जिद्दी असतात. "या वेळी ढाल-तलवारवाला सरळमार्गी योद्धा" असं ठरवून बसलेला माणूस थोड्याच वेळात अंधारात वाकून धनुष्य ताणत असतो. लपून सोडलेला बाण दुप्पट इजा करतो, पुढे तिप्पट, आणि ज्याच्या शेजाऱ्याला बाण लागला तो शत्रू जरा इकडेतिकडे बघून 'वारा असेल' म्हणत परत पहाऱ्याला लागतो. एवढी सोय सोडवत नाही. जगभरच्या स्कायरिमवाल्यांचा हा ठरलेला विनोद आहे, आणि मुलाला "लपून बाण मारणाराच झालास ना शेवटी?" असं विचारलंत तर तो दचकेल.

मग एक वेळ येते. जडीबुटीचं कौशल्य, मंत्र जडवण्याचं कौशल्य आणि लोहारकाम ही तिन्ही एकमेकांना वर ढकलतात, आणि चाळीसाव्या-पन्नासाव्या लेव्हलच्या आसपास तुम्ही अंगावर देवळाच्या कळसासारखं चमकणारं चिलखत घालून फिरता. सुरुवातीला ज्या राक्षसाने एका सोट्यात तुम्हाला आभाळात उडवलं होतं, तो आता दोन घावांत आडवा होतो. चोरांच्या टोळीचे म्होरके तुम्ही, मारेकऱ्यांच्या संघाचेही तुम्हीच, आणि चारदोन मंत्र येत असताना जादूच्या विद्यापीठाचे कुलगुरूसुद्धा. कोणी विचारत नाही की एवढी पदं एकाच माणसाकडे कशी. (आपल्याकडच्या संस्था बघितल्यावर हे फार खटकत नाही म्हणा.) भीती वाटावी असं काहीच उरत नाही आणि तिथे खेळ संपतो. मुख्य कथा कित्येकदा अर्धवटच पडलेली असते.

म्हणून तुमचा मुलगा जुना सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, उघडत नाही. तिथे त्याचा माणूस श्रीमंत आणि अजिंक्य आहे. त्याला हवाय तो फाटका माणूस: हातात लोखंडी तलवार, खिशात पाच-पन्नास सेप्टिम (तिथली नाणी), पिशवीत कुठून तरी उचललेला चीजचा तुकडा, आणि रात्री रस्त्यावर लांडगा ओरडला की काळजात धस्स होणारा. या मालिकेतला सर्वात चांगला भाग पहिले काही तास आहेत आणि ते परत मिळवायचा एकच रस्ता आहे, नव्याने सुरुवात. माझं म्हणणं एवढंच आहे. लोक ज्याला पुन्हा खेळणं म्हणतात ते पुन्हा दुबळं होणं आहे.

हे गेम बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीलाही हे दुखणं माहीत होतं. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये त्यांनी उपाय केला तो असा की तुम्ही वाढलात की शत्रूही वाढतात. परिणाम? रस्त्यातला भुरटा लुटारू लाखमोलाचं काचेचं चिलखत घालून तुमच्याकडे शंभर नाणी मागतो. ते चिलखत विकलं असतं तर त्याच्या सात पिढ्यांनी बसून खाल्लं असतं. या एका गोष्टीवरून लोक अजून भांडतात, आणि भांडत भांडत तोच गेम परत खेळतात.

माझ्या मते मालिकेतला सर्वात श्रेष्ठ गेम २००२ चा मॉरोविंड. त्यात नकाशावर कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. माणसं तोंडी पत्ता सांगतात: नदी ओलांड, फाट्याला उत्तरेला वळ, खडकापाशी दार दिसेल. हरिहर गडाला पहिल्यांदा जाताना निरगुडपाड्याच्या आसपास म्हाताऱ्याला रस्ता विचारावा, तसं. चुकणं ठरलेलं, आणि चुकल्यावरच खरं काहीतरी सापडतं.

त्यातला एक प्रसंग सांगतो, कारण ही मालिका कशी विचार करते ते त्यात दिसतं. पहिल्याच गावातून, सेडा नीनमधून बाहेर पडून थोडं चाललात की आभाळातून किंकाळी ऐकू येते आणि एक जादूगार तुमच्यासमोर आपटून मरतो. त्याच्या अंगावर एक वही आणि तीन गुंडाळ्या सापडतात. वहीत त्याने उडी मारण्याचा थोर मंत्र शोधल्याची फुशारकी मारलेली असते. गुंडाळी वाचून तुम्ही उडी मारलीत तर खरोखरच डोंगर ओलांडून जाल. आणि मंत्राचा असर सात सेकंदांत संपत असल्यामुळे त्याच्यासारखेच आपटून मराल. गेम तुम्हाला थांबवत नाही, इशारा देत नाही, समोर प्रेत पडलंय तोच इशारा. मग कोणाच्या तरी डोक्यात येतं की जमिनीवर टेकायच्या आधी दुसरी गुंडाळी वाचली तर? आणि माणूस वाचतो! जे नियम त्या जादूगाराला, तेच तुम्हाला, आणि नियम नीट कळले तर पळवाटही तुमचीच. असा एक गेम एकदा खेळला की प्रत्येक भिंत ढकलून बघायची सवय लागते. स्कायरिममध्ये दुकानदाराच्या डोक्यावर बादली घालून त्याचं दुकान लुटता येतं हे शोधणारी मंडळी त्याच सवयीची.

मॉड्सबद्दल, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये केलेल्या बदलांबद्दल आणि भरींबद्दल, थोडक्यात सांगतो, नाहीतर इथेच रात्र होईल. मॉरोविंडसोबत कंपनीने गेम घडवायचं साधनच लोकांच्या हातात दिलं, स्कायरिमलाही २०१२ मध्ये दिलं. तेव्हापासून लोक नवे प्रदेश, नवी शस्त्रं, नवी माणसं फुकट बनवून वाटतायत. मॉरोविंड प्रांताचा मूळ गेममध्ये नसलेला भाग बांधणारा 'टॅमरिएल रीबिल्ट' गट वीस वर्षांहून जास्त काळ काम करतोय. एका ऑस्ट्रेलियन वकिलाने बनवलेल्या 'द फरगॉटन सिटी' या मॉडला तिकडच्या लेखक संघटनेचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये त्याचा स्वतंत्र गेम झाला. २०१५ मध्ये मॉड्स विकायचा प्रयत्न झाला तेव्हा लोकांनी असा गोंधळ घातला की काही दिवसांत तो गुंडाळावा लागला. माझ्या दुकानात याचा अर्थ एवढाच, की पोरं मशीन घेऊन येतात आणि म्हणतात, "दादा, स्कायरिम क्रॅश होतो, रॅम वाढवून द्या." २०११ चा मूळ स्कायरिम ३२-बिट आहे, त्याला कितीही रॅम द्या, तो चार जीबीच्या वर वापरू शकत नाही. २०१६ ची स्पेशल एडिशन ६४-बिट आहे, ती घ्या म्हणतो. रॅम विकून चार पैसे मिळाले असते, पण पुढच्या आठवड्यात तोच पोरगा परत येणार. काही जण तर मॉड्स रचण्यातच महिने घालवतात, खेळत नाहीतच.

आणि एक रुक्ष कारणही आहे, ते विसरू नका. नवा भागच आलेला नाही. १९९४ चा अरीना, १९९६ चा डॅगरफॉल, मग मॉरोविंड, ऑब्लिव्हियन आणि ११ नोव्हेंबर २०११ ला स्कायरिम. २०१४ चा ऑनलाइन गेम हे वेगळं प्रकरण. सहाव्या भागाची घोषणा २०१८ मध्ये झाली, डोंगर दाखवणारी छोटीशी चित्रफीत दिली आणि मग शांतता. दरम्यान स्कायरिमच कधी निन्टेंडोच्या स्विचवर, कधी व्हीआरमध्ये, कधी वर्धापनदिनाच्या नावाने पुन्हा पुन्हा विकला. २०२३ पर्यंत त्याच्या ६ कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या, मग घाई कोण करेल? एप्रिल २०२५ मध्ये ऑब्लिव्हियनचं नवं रूप घोषणा झाली त्याच दिवशी बाजारात आलं. पण त्याला किमान १६ जीबी रॅम, १०७० टीआयच्या तोडीचं ग्राफिक्स कार्ड आणि सव्वाशे जीबी जागा लागते. इंजिनिअरिंगच्या पोरांचे बहुतेक लॅपटॉप तिथे हात टेकतात. जुना स्कायरिम मात्र त्यांवर निवांत पळतो.

तेव्हा पुढच्या वाढदिवसाला नवा कोरा महाग गेम नको. सेलमध्ये मॉरोविंड स्वस्तात मिळतो, तो घ्या आणि त्याला सांगा की ओपनएमडब्ल्यूवर (मॉरोविंड चालवण्यासाठी लोकांनी बनवलेला प्रोग्रॅम) लाव, चांगला चालतो. अरीना आणि डॅगरफॉल तर कंपनीने फुकटच देऊन टाकलेत. फक्त डॅगरफॉलचं नाव सेमिस्टर संपल्यावर काढा. त्यातली भुयारं इतकी अवाढव्य आहेत की त्यांतून बाहेर पडायला पोराला पूर्ण सुट्टी लागेल.