होस्टिंग कंपनीच्या मदतीने संकेतस्थळाचे जुने पीएचपी आणि मायएसक्यूएल सुरक्षितपणे कसे बदलावे?

आपल्या संस्थेचे संकेतस्थळ अजून पीएचपी ५.६ वर (संकेतस्थळ ज्या संगणकीय भाषेत चालते तिच्या जुन्या आवृत्तीवर) आहे, होस्टिंग कंपनीने नव्या सर्व्हरवर जाण्यासाठी मुदत दिली आहे, आणि सर्व काम त्यांच्यावरच सोपवावे का, असे आपण विचारले आहे. सोपवू नका. याच कामातून मी २०२० साली गेलो आहे आणि त्यावरून आमच्या वाचनालयात आजही वाद निघतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. त्यावर ग्रंथसूची आहे आणि व्याख्यानमालेतील भाषणांचे संपूर्ण पाठ आहेत, जे सभासदांनी कित्येक वर्षे घरी बसून टंकलिखित करून दिले. आमच्या सर्व्हरवरील सेंटओएस ६ या कार्यप्रणालीची देखभाल ३० नोव्हेंबर २०२० रोजी संपणार होती, त्यामुळे कंपनी आमचे खाते पीएचपी ७.४ आणि मायएसक्यूएल ८.० (माहिती साठवणारा डेटाबेस) असलेल्या यंत्रावर हलवणार होती. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालता, असे आमच्या कार्यवाहांचे म्हणणे होते. परंतु पीएचपी ५.६ ला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे ३१ डिसेंबर २०१८ लाच थांबले होते, हे मी त्यांना दोनदा लेखी कळवले होते.

स्थलांतर होताच मुखपृष्ठ कोरे दिसू लागले. हे अपेक्षित होते, कारण डेटाबेसशी बोलणारी जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शने पीएचपी ७.० पासून काढून टाकलेली आहेत. ती बदलून मी त्यांची जागा घेणारी ‘मायएसक्यूएलआय’ची नवी फंक्शने घातली. पाने उघडली, पण मराठी नाहीशी झाली होती आणि एकेका देवनागरी चिन्हाच्या जागी युरोपीय लिपीतील तीन-तीन चिन्हे आली होती.

याचे कारण नीट समजून घ्या, कारण जुन्या मराठी संकेतस्थळांत हा दोष सर्रास आढळतो. युटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व लिप्या साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणीची एकके) घेते. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे आहेत, म्हणजे पंधरा बाइट. आमची टेबले मात्र ‘लॅटिन१’ (युरोपीय अक्षरांची, दर अक्षराला एकच बाइट देणारी पद्धत) म्हणून घोषित होती आणि डेटाबेसची जोडणीही तशीच होती, त्यामुळे मायएसक्यूएल त्या पंधरा बाइटांना पंधरा युरोपीय अक्षरे समजून जशीच्या तशी ठेवत आणि परत देत असे, आणि ब्राउझर त्यांची मराठी करून दाखवत असे. (काही ग्रंथांची लांब शीर्षके मध्येच का तुटली होती, तेही तेव्हाच उलगडले: २५५ अक्षरांचा रकाना देवनागरीसाठी प्रत्यक्षात ८५ चिन्हांचाच होता.) मायएसक्यूएल ८.० मध्ये जोडणी आपोआप ‘युटीएफ८एमबी४’ (मायएसक्यूएलमधील पूर्ण युटीएफ-८) झाली, आणि एवढी वर्षे झाकलेला गैरसमज उघडा पडला.

मी घाईत कंपनीला तिकीट (मदतीची लेखी विनंती) लिहिले, ‘मराठी अक्षरे बिघडली आहेत, कृपया सर्व टेबले युटीएफ-८ करावीत.’ मदत कक्षातील मुलाने मी लिहिले होते अगदी तेच केले, आणि त्या रूपांतराने बिघडलेली अक्षरेच टेबलात पक्की बसली. एरवी हेही उलटवता आले असते, परंतु पुढच्या दोन दिवसांत सभासदांनी नव्या ग्रंथांच्या साठएक नोंदी केल्या आणि त्या शुद्ध मराठीत उतरल्या. आता एकाच टेबलात दोन प्रकारचा मजकूर होता आणि एका आज्ञेने सगळे सरळ होणे शक्य नव्हते.

आम्ही वाचलो ते एका वाक्यामुळे. जुने यंत्र पंधरा दिवस बंद करू नये, असे मी स्थलांतरापूर्वीच कंपनीकडून लेखी कबूल करून घेतले होते. त्या यंत्रावरून ‘लॅटिन१’ जोडणीनेच डम्प (डेटाबेसची फाइलमध्ये उतरवलेली प्रत) घेतला, म्हणजे बाइट न बदलता बाहेर आले. मग डम्पमधील घोषणा ‘युटीएफ८एमबी४’ अशी बदलून तो नव्या यंत्रावर भरला, आणि साठ नोंदी हाताने पुन्हा केल्या.

वार्षिक सभेत कार्यवाहांनी सांगितले की होस्टिंगवाल्यांनी डेटा बिघडवला, कंपनी बदला. मी तेव्हाही उभा राहून सांगितले आणि आजही सांगतो की हे असत्य आहे. चूक माझ्या तिकिटात होती. जुन्या आवृत्तीवर तसेच राहिलो असतो तर बरे झाले असते, हेही चूक आहे; मूळ दोष आमच्या टेबलांत होता आणि तो कधीतरी बाहेर येणारच होता.

म्हणून कंपनीला ‘अपग्रेड करा’ एवढेच लिहू नका. पीएचपी आणि मायएसक्यूएलची नेमकी कोणती आवृत्ती मिळणार, आपल्या खात्याची प्रत वेगळ्या सबडोमेनवर (आपल्याच पत्त्याच्या उपपत्त्यावर) आधी उभी करून मिळेल का, आणि जुने यंत्र किती दिवस चालू राहील, हे लेखी विचारा. त्यांच्या बॅकअपवर विसंबू नका. स्वतःचा डम्प घ्या आणि तो घरच्या संगणकावर भरून चार मराठी पाने उघडून पाहा. डीएनएसचा (संकेतस्थळाचे नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे जुनी नोंद इतरत्र किती वेळ जपली जाते तो काळ, आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा. आणि तपासणी संपेपर्यंत नव्या नोंदी करणे सर्वांना बंद करायला सांगा. आमच्याकडे हे एक सांगितले असते तर निम्मा त्रास वाचला असता. डेटाबेसचा अक्षरसंच (कॅरेक्टर सेट) निवडताना ‘युटीएफ८’ नव्हे, ‘युटीएफ८एमबी४’ निवडा. मायएसक्यूएलमधील पहिला तीन बाइटांपर्यंतच पोचतो. त्यात देवनागरी मावते, पण २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या मोडीला चार बाइट लागतात.

आपले संकेतस्थळ वर्डप्रेसवर (संकेतस्थळे बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरवर) असेल, तर अक्षरांचा हा प्रश्न बहुधा येणार नाही, कारण २०१५ च्या ४.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस ‘युटीएफ८एमबी४’ वापरते. तेथे जुने प्लगइन (जोड-सुविधा) आणि थीम (मांडणीचे साचे) आधी तपासा. माझा अनुभव शेअर्ड होस्टिंगचा, म्हणजे एकच सर्व्हर अनेक ग्राहकांत वाटलेला असतो त्याचा, आहे. आपण स्वतःचा व्हीपीएस (फक्त आपल्यासाठीचा आभासी सर्व्हर) भाड्याने घेतला असेल आणि त्याची व्यवस्था कराराने कंपनीकडे नसेल, तर आतील सॉफ्टवेअरला ते सहसा हात लावत नाहीत, आणि वरील सर्व कामे आपल्यालाच करावी लागतील.