मिसळ सकाळी, थाळी दुपारी, ग्लास संध्याकाळी

ह्या वेळी तुमच्याकडून आलेले बहुतेक प्रश्न नाशिकच्या खाण्यापिण्याचेच निघाले, त्यामुळे नवरा-बायकोच्या भांडणांना पुढच्या अंकात बघू.

ताई, आम्ही पाच जण शनिवारी पुण्याहून येतोय. दोघं पक्के व्हेज, एकाला मटणच पाहिजे. ४ वाजता सुला वायनरीत वाइन टेस्टिंग बुक केलंय. दुपारी कुठे जेवायचं? सगळे म्हणतात मिसळच खा. — एक पुणेकर

अहो, सगळे म्हणतात ते बरोबरच आहे, पण मिसळ हे नाशकात सकाळचं काम आहे. बारदान फाट्याला साधना रेस्टॉरंटला चुलीवरची मिसळ खायची तर सकाळीच पोचा, आणि तुम्ही चाकणच्या ट्रॅफिकमधून सुटून सकाळी पोचणार नाही हे मला इथे बसून दिसतंय. मग दुपारी पोटात भूक घेऊन मिसळीच्या लाइनीत उभं राहण्यापेक्षा ती रविवारी सकाळी परतायच्या आधी खा. पापड मोडून वर टाकायचा, रस्सा थोडाथोडा घ्यायचा, एकदम ओतला की शेव मऊ पडते आणि मग सगळा लगदाच.

शनिवारच्या जेवणाला गंगापूर रोडवरच आनंदवलीला दिवट्या बुधल्या वाडा आहे, काळ्या मसाल्याचा मटण रस्सा आणि भाकरी, आणि व्हेजवाल्यांची पण सोय होते. सुलाला जायचा रस्ताच तो, म्हणजे वाकडी वाट नको. फक्त एक करा, १२:३० ला जेवायला बसा. भाजलेलं खोबरं आणि कांद्याचा तो तिखटजाळ रस्सा खाऊन लगेच वाइन चाखायला गेलात ना, तर पांढरी सोव्हिन्यॉं काय आणि लाल शिराझ काय, तोंडाला सगळं सारखंच लागणार आणि मग तुम्हीच म्हणणार की ह्यात काय एवढं. मध्ये दीड-दोन तास गेले पाहिजेत, भरपूर पाणी पिऊन.

सीबीएसजवळची (म्हणजे सेंट्रल बस स्टँडजवळची) सम्राट हॉटेलची गुजराती थाळी मला स्वतःला फार आवडते, पण टेस्टिंगच्या दिवशी नको. तिथे वाढणारे ऐकत नाहीत, आणि एवढं जेवून गेलात तर पहिल्याच ग्लासला जांभया.

घरी भावाच्या प्रमोशनची पार्टी आहे, थीम 'आपलं नाशिक'. कॉकटेल्स पण लोकलच पाहिजेत. चुलतभाऊ म्हणतो वोडका-टोमॅटोमध्ये मिसळ मसाला घालू. चालेल का? — इंदिरानगरची वाचक

चुलतभावाला प्रेमाने बाजूला बसवा. मिसळीच्या मसाल्यात खोबरं असतं, भाजलेला गरम मसाला असतो, तो तेलात परतला तरच बोलतो. गार पेयात कच्चाच राहतो, पावडर तळाला बसते, वर तवंग येतो आणि ग्लासच्या कडेला चिकटलेलं ते दिसायला पण घाण दिसतं. तिखटपणा पाहिजेच असेल तर मीठ, लाल तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड एका ताटलीत पसरा, ग्लासच्या कडेला लिंबू फिरवून त्यात बुडवा. आत गुलाबी पेरूचा रस, लिंबू, आणि ४५ मिली वोडका. शाळेबाहेर तिखटमीठ लावून पेरू खाल्लेल्या प्रत्येकाला ते कळतं, समजावून सांगावं लागत नाही.

पण नाशिक म्हटलं की द्राक्ष आलंच. आता लोकांना वाटतं बाजारातली द्राक्षं म्हणजेच वाइनची द्राक्षं, तसं नाहीये, वाइनची बारीक, जाड सालीची, बियांची असतात आणि ती हातगाडीवर येत नाहीत. आपल्याला कॉकटेलला खायचीच बरी, बी नसल्यामुळे ठेचली तरी कडवट होत नाहीत. काळी शरद द्राक्षं घ्या, आठ-दहा मणी, मिठाच्या पाण्यात नीट धुवून (बागेत फवारण्या किती होतात हे नाशिककरांना मी काय सांगू), ग्लासमध्येच लाटण्याच्या टोकाने हलकेच ठेचा. मिक्सर लावू नका, साल बारीक होऊन रस गढूळ होतो. त्यावर ४५ मिली जिन, अर्धं लिंबू, अगदी थोडा साखरेचा पाक, बर्फ, वर सोडा. सालीचा रंग हळूहळू उतरतो, वरून फिकट आणि तळाशी जांभळं, पाहुणे आधी फोटोच काढतील.

आणि ज्यांना एवढी उठाठेव नको त्यांना गार चेनिन ब्लांक (पांढरी वाइन), निम्मा सोडा, आणि बर्फाऐवजी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेली हिरवी थॉम्पसन द्राक्षं. वाइन गार राहते, पाणचट होत नाही, आणि शेवटी मणी खायला मिळतात.

त्याच पार्टीला माझा भाचा आहे, २२ वर्षांचा. त्याला द्यायचं का? — तीच

तुम्ही दुसरं पत्र पाठवलंत ते बरं केलंत. महाराष्ट्रात वाइन आणि बिअर २१ ला चालते, जिन-वोडका-व्हिस्कीला २५ पूर्ण लागतात. म्हणजे भाच्याला चेनिन आणि सोडा, पेरूवालं बिनवोडक्याचं. तो तोंड वाकडं करेल, करू दे. आणि गाड्या घेऊन येणाऱ्यांसाठी काळ्या द्राक्षांचंच जिन न घालता बनवून ठेवा, दिसायला सेम दिसतं त्यामुळे कोणी "घे रे एक" म्हणून मागे लागत नाही. तारीख ठरवताना ड्राय डे बघून घ्या, आषाढी-कार्तिकी लोक हमखास विसरतात.

मे महिन्यात येतोय, वायनरीत द्राक्षं तुडवायला मिळतील का? — ठाण्याहून

नाही हो. वाइनची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे नवी फूट यावी म्हणून वेली छाटतात, मे महिन्यात तुम्हाला नुसती नवी पालवी दिसेल. फळासाठीची गोडी छाटणी पावसाळा सरता सरता, मग घड धरतात. तुडवायची हौस असेल तर फेब्रुवारीत या, थंडी पण असते.

सासूबाईंना रामकुंडावर न्यायचंय, त्यांचा त्या दिवशी उपास. दुपारी काय? — नाशिकरोड

सायंतारा ह्या दुकानातला साबुदाणा वडा. बाहेरून कडक, आत मऊ, मोठाच्या मोठा असतो, एकात त्यांचं भागेल. तुमचा उपास नसेल तर बुधा हलवायाकडची जिलबी बांधून घ्या, पण गरम असतानाच खा, घरी न्यायच्या भानगडीत पडू नका.

मिसळीबरोबर वाइन चालते का हो? घरी वाद झालाय. — सिडको

चालते, पण लाल नको. लाल वाइनचा तुरटपणा आणि तिखट एकत्र आलं की जिभेची आग दुप्पट होते. थोडी गोडसर, चांगली गार केलेली चेनिन ब्लांक घ्या, तिखट दबतं. अर्थात हे संध्याकाळी घरी केलेल्या मिसळीबद्दल बोलतेय. सकाळी ८ ला मिसळवाल्याकडे बाटली घेऊन गेलात तर मालक काय बोलेल ते इथे छापता येणार नाही, तिथे ताकच मागवा.