सावकाराने खरेदीखत करून घेतलेली जमीन परत मिळते का?
व्याजाने पैसे देताना सावकाराने तारण म्हणून दोन एकरांचे खरेदीखतच करून घेतले, असे परळीकडील आपण विचारता. जमीन परत मिळू शकते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ नुसार, अर्जापूर्वीच्या १५ वर्षांत सावकारीतून बळकावलेली स्थावर मालमत्ता, कागदावर तिला विक्री म्हटलेले का असेना, चौकशीअंती परत देण्याचा आदेश सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक काढू शकतात. खरी अडचण पुराव्याची, कारण व्याजाची पावती कोणी देत नाही. म्हणून बँक खात्यातून व्याज गेल्याच्या नोंदी, खरेदीखतातील किंमत व त्या वर्षीचा रेडीरेकनर दर (सरकारने ठरवलेला जमिनीचा दर) यांतील तफावत, आणि खरेदीनंतरच्या हंगामात पेरा आपणच केला असल्यास ताबा आपलाच होता हे दाखवणारी पीक विम्याची पावती अर्जास जोडावी. कोऱ्या मुद्रांकावर सही दिली असेल, तर तेही स्पष्ट लिहावे.