लांबचं टिपतो, अंधारात हरतो : साध्या एचडी कॅमकॉर्डरबद्दल तुमचे प्रश्न

शाळांची स्नेहसंमेलनं आणि लग्नसराई जवळ आली की कॅमकॉर्डरविषयीचे प्रश्न वाढतात. या वेळी निवडलेले प्रश्न वीस-तीस हजारांच्या टप्प्यातल्या, घरी वापरायच्या फुल एचडी कॅमकॉर्डरबद्दल आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. हे यंत्र दोन कामं फार चांगली करतं : लांबून चित्रण आणि न थांबता चित्रण. तुमची गरज या दोहोंपैकी एक असेल तर घ्या. नसेल तर पैसे वाचवा.

प्रश्न : मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमात आम्हाला नेहमी मागच्या रांगेत जागा मिळते. फोनवर झूम केलं की तिचा चेहरा पुसट होतो. घरचे म्हणतात, फोन ४के असताना एचडी कॅमेरा कशाला? (कल्याण)

तुमच्यासाठी कॅमकॉर्डर योग्य आहे. ४के चित्रात फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात हे खरं, पण झूमच्या हिशोबात त्याचा फायदा तेवढा होत नाही. ४के चित्रातून फुल एचडीची चौकट कापून घेतली, तर तपशील न घालवता फक्त दुप्पट जवळ जाता येतं. महागड्या फोनांत तीनपट किंवा पाचपट झूमची वेगळी लेन्स असते. त्यापलीकडे फोन जे दाखवतो ते मुख्यतः कापून मोठं केलेलं चित्र असतं.

कॅमकॉर्डरमध्ये लेन्सच्या आतली भिंगं खरोखर सरकतात. सोनीच्या एचडीआर-सीएक्स४०५ चं उदाहरण घ्या. २०१५ साली आलेल्या या कॅमेऱ्यात ३० पट ऑप्टिकल झूम आहे. पूर्ण झूम केल्यावर पंचवीस मीटरवरून तुमच्या चौकटीत जेमतेम मीटरभर रुंदीचा भाग येतो. म्हणजे सभागृहाच्या मागच्या भिंतीला टेकूनही रंगमंचावरची एक मुलगी पडदाभर दिसते. फोनला हे जमत नाही.

पण एवढ्या झूमवर तुमचा श्वासही चित्रात दिसतो. कॅमेऱ्यातली स्थिरता मदत करते, तरी दहा मिनिटांचं नृत्य हातात धरून स्थिर येत नाही. साधा ट्रायपॉड घ्या. मागच्यांना त्रास नको असेल तर एकपायी मोनोपॉडही चालेल. आणि पूर्ण झूमवर बसून राहू नका. गटाचं नृत्य असेल तर सगळा रंगमंच दिसू द्या, मुलीचा भाग आला की हळूहळू जवळ जा. झूमचा खटका हलका दाबला तर झूम सावकाश होतो. हा सराव घरी करून जा.

दुसरा फायदा वेळेचा. दोन तासांच्या कार्यक्रमात फोन तापतो, मध्येच कॉल येतो, जागा संपते. बऱ्याच फोटो कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबायचं, कारण अर्धा तास किंवा जास्त चित्रण करणाऱ्या यंत्राची युरोपातल्या आयातकरात व्हिडिओ कॅमेरा म्हणून गणना व्हायची. कॅमकॉर्डर मुळातच व्हिडिओ कॅमेरा असल्यामुळे कार्ड किंवा बॅटरी संपेपर्यंत चालत राहतो.

प्रश्न : सोनी सीएक्स४०५ आणि कॅननचा लेग्रिया एचएफ आर८०६ यांत कोणता घ्यावा? (नाशिक)

दोन बेडरूमच्या घरातले वाढदिवस, बारसं, हळदीकुंकू हे जास्त असेल तर सोनी. त्याची लेन्स रुंद आहे, २६.८ मिलिमीटरच्या तोडीची (हा आकडा जितका लहान, तितकं जास्त रुंद दृश्य चौकटीत मावतं). कॅननची ३८.५ पासून सुरू होते. आठ फुटांवरून सोनीच्या चौकटीत साडेदहा-अकरा फूट रुंदी मावते, कॅननच्या चौकटीत साडेसात फुटांच्या आसपास. लहान खोलीत हा फरक निर्णायक ठरतो, कारण मागे सरकायला भिंत आडवी येते.

भाषणं, गाणी, मुलाखती जास्त असतील तर कॅनन. त्याला बाहेरचा माइक आणि हेडफोन लावायची सोय आहे, सोनीत दोन्ही नाहीत. कॅननचा पडदाही तीन इंचांचा आणि स्पर्शाने चालणारा आहे. सोनीचा २.७ इंचांचा पडदा कमी बारकाव्याचा आहे, त्यावर फोकस हलल्याचं लवकर लक्षात येत नाही. माझा कौल बहुतेक वेळा कॅननकडे जातो, कारण अरुंद चित्र लोक चालवून घेतात, पण ऐकू न येणारा आवाज कोणी चालवून घेत नाही.

प्रश्न : घरच्या गणपतीची रात्रीची आरती काढली तर सगळीकडे दाणे दाणे दिसतात. दुपारचं चित्रण मात्र सुरेख येतं. कॅमेरा बिघडलाय का? (रत्नागिरी)

बिघडलेला नाही. स्वस्त कॅमकॉर्डरची ही सगळ्यात मोठी कमजोरी आहे आणि विकत घेताना ती क्वचितच सांगितली जाते.

३० पट झूमची लेन्स तळहातात मावावी म्हणून सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, फार लहान ठेवावा लागतो. सीएक्स४०५ मधल्या सेन्सरचा आकार १/५.८ इंची वर्गातला आहे. त्याचा कर्ण तीन मिलिमीटरच्या आसपास भरतो. मध्यम किमतीच्या फोनमधला मुख्य सेन्सरही यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. सेन्सर लहान म्हणजे त्यावर गोळा होणारा प्रकाश कमी. मग कॅमेरा विद्युत संकेत वाढवून चित्र उजळ करतो, आणि त्या वाढवण्यातून दाणे येतात.

त्यात झूमची भर पडते. याच लेन्सचं तोंड झूम न करता एफ १.८ इतकं उघडतं, पूर्ण झूमवर एफ ४ इतकंच (एफचा आकडा मोठा, तितकं तोंड लहान). म्हणजे पूर्ण झूम केला की सेन्सरवर पोचणारा प्रकाश पाचव्या हिश्श्यावर येतो. दाराशी उभं राहून मूर्तीवर झूम करण्याऐवजी झूम पूर्ण मागे घ्या आणि स्वतः चार पावलं पुढे जा. एवढ्यानेच मोठा फरक दिसेल.

मखरातली दिव्यांची माळ मूर्तीच्या मागे असेल तर कॅमेरा ती माळ बघून सगळं चित्र काळवंडवतो. मेनूतून एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, हाताने थोडं वाढवा. आणि खोलीतले दिवे लावा. आरतीच्या वेळी दिवे मालवायची तुमच्या घरी पद्धत असेल तर ती कॅमेऱ्यासाठी मोडू नका. तेवढा भाग फोनवर काढा, मंद उजेडात तो सरस ठरेल. मिरवणुकीला आणि विसर्जनाला, उजेड असेपर्यंत, कॅमकॉर्डर वापरा.

प्रश्न : माझ्या आजीला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या पाठ आहेत. वय झालंय, आवाज बारीक आहे. कॅमकॉर्डरला माइकची जागा नाही. ओव्या नीट कशा टिपाव्यात? (सांगली)

हे काम लांबणीवर टाकू नका, आहे त्या साधनांनिशी याच आठवड्यात सुरू करा.

कॅमकॉर्डरच्या अंगचा माइक कॅमेऱ्यापाशी असतो, आजीपाशी नाही. झूम केल्याने चेहरा जवळ येतो, आवाज जागेवरच राहतो. शिवाय आवाजाची पातळी कॅमेरा आपोआप ठरवतो. आजी श्वास घ्यायला थांबली की तो पातळी वाढवतो आणि त्या क्षणी पंख्याची घरघर पुढे येते.

म्हणून आवाज वेगळा टिपा. फोनला कॉलरचा छोटा माइक लावा आणि तो आजीच्या पदराला, हनुवटीखाली वीतभर अंतरावर अडकवा. पदर माइकवर घासत नाही ना ते बघा. माइक नसेल तर फोनच एअरप्लेन मोडवर टाकून तिच्या समोर हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. कॅमेरा आणि फोन दोन्ही सुरू झाल्यावर समोर एकदा मोठ्याने टाळी वाजवा. नंतर संगणकावर दोन्ही आवाजांतली टाळी जुळवली की चित्र आणि ध्वनी बरोबर बसतात. लांब रेकॉर्डिंगमध्ये दोन यंत्रांत हळूहळू थोडा फरक पडतो, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांनी थांबून नव्याने टाळी वाजवा.

पंखा बंद करा, फ्रिजपासून लांब बसा. चादरी-गाद्या असलेली खोली निवडा, रिकाम्या फरशीच्या खोलीत आवाज घुमतो. आजीला खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून बसवा. प्रत्येक ओवी झाल्यावर ती कुणाकडून शिकली, कोणत्या वेळी म्हणायची, तेही विचारा आणि कॅमेरा चालूच ठेवा.

प्रश्न : अमेरिकेतला भाचा त्याचा कॅमकॉर्डर देतोय. इथे चालेल ना? (पुणे)

चार्जरची अडचण नाही, त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असलं की झालं, फक्त पिनेसाठी अडॅप्टर लागेल. अडचण ट्यूबलाइटची आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही. तिकडचा कॅमेरा सेकंदाला ६० चित्रं घेतो, ती या लयीशी जुळत नाहीत आणि घरातल्या चित्रणात फडफड दिसते. इथले कॅमेरे ५० चित्रं घेतात म्हणून जुळतात.

शटर, म्हणजे एकेका चित्रासाठी प्रकाश घेण्याचा वेळ, हाताने १/१०० सेकंदावर ठेवता येत असेल तर फडफड जाते. पण साध्या मॉडेलांत ती सोय बहुधा नसते, आणि ६० चं ५० करण्याची तर नसतेच. उन्हात काही फरक पडत नाही. तुमचा वापर सहली आणि क्रिकेटच्या मैदानापुरता असेल तर आनंदाने घ्या.

प्रश्न : कार्डातून एमटीएस नावाच्या फाइल निघतात. एकाच लग्नाचे अनेक तुकडे झालेत आणि हलत्या माणसांच्या कडांना कंगव्यासारख्या रेघा दिसतात. (नागपूर)

तुकडे होणं ठरलेलं आहे. एव्हीसीएचडी या कॅमकॉर्डरच्या व्हिडिओ साठवण्याच्या पद्धतीत लांब रेकॉर्डिंगच्या दोन किंवा चार जीबीच्या फाइल पडतात. सुट्या फाइल उचलू नका, कार्डावरचा सगळा फोल्डर जसाच्या तसा संगणकावर घ्या. ही पद्धत ओळखणारं संपादनाचं सॉफ्टवेअर त्यावरून तुकडे सलग जोडतं. सुट्या फाइल ओढून जोडल्या तर सांध्यावर आवाज तुटू शकतो.

रेघा ५०आय या सेटिंगमुळे येतात. त्यात प्रत्येक वेळी निम्म्याच ओळी टिपल्या जातात. झालेल्या चित्रणासाठी व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये डीइंटरलेस (रेघा घालवण्याचा पर्याय) चालू करा, कायमचं बदलायचं असेल तर हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तोच पर्याय आहे. पुढच्या वेळी मेनूत ५०पी निवडा, त्यात सगळ्या ओळी एकदम टिपल्या जातात.

जागेचा हिशोब करून ठेवा. २८ एमबीपीएसला (सेकंदाला २८ मेगाबिट माहिती) तासाला साडेबारा जीबी लागतात, ५० एमबीपीएसला साडेबावीस. सीएक्स४०५ मध्ये ५० एमबीपीएसचं एक्सएव्हीसी एस (सोनीची जास्त बारकाव्याची साठवणपद्धत) हवं असेल तर क्लास १० चं मायक्रोएसडीएक्ससी कार्ड लागतं. रस्त्यावरच्या स्वस्त कार्डांत नकली फार असतात, वर १२८ जीबी छापलेलं आणि आत त्याहून कितीतरी कमी. लग्नाच्या आधी कार्ड काठोकाठ भरून, फाइल शेवटपर्यंत चालतात का ते बघा.

प्रश्न : ऑनलाइन सहा हजारांत ४के, ५६ मेगापिक्सेल, १८ पट झूमचा कॅमकॉर्डर दिसतोय. (ठाणे)

घेऊ नका. अनोळखी नावाच्या अशा यंत्रांत झूम बहुधा फक्त डिजिटल असतो, म्हणजे नुसतं चित्र कापणं. पुष्कळांत ऑटोफोकस आणि स्थिरताही नसते. जाहिरातीत ‘ऑप्टिकल’ हा शब्द शोधा. तो नसेल तर तुमचा फोन त्याहून चांगला आहे.

प्रश्न : नवे कॅमकॉर्डर दुकानात फारसे दिसत नाहीत. वापरलेला घेताना काय बघावं? (पणजी)

समुद्रकाठच्या दमट हवेत सगळ्यात आधी बुरशी. लेन्समध्ये तिरकस टॉर्च मारा. आत पांढरे, जाळ्यासारखे धागे दिसले तर कॅमेरा परत द्या, कितीही स्वस्त असला तरी. मग झूम एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्या : अडखळू नये, करकरू नये, आणि पूर्ण झूमवर दूरची पाटी दोन-तीन सेकंदांत स्पष्ट व्हावी. लेन्सवर हात ठेवून मिनिटभर रेकॉर्ड करा आणि ते टीव्हीवर बघा. काळ्या पडद्यावर लाल किंवा पांढरे ठिपके एकाच जागी चमकत असतील तर ते पिक्सेल गेले आहेत. आपलं कार्ड बरोबर न्या आणि अर्धा तास सलग चालवून बघा.

बॅटरी फुगलेली असेल तर ती वापरू नका. सोनी सीएक्स४०५ मध्ये एनपी-बीएक्स१ बॅटरी बसते. तीच सोनीच्या आरएक्स१०० मालिकेतल्या छोट्या फोटो कॅमेऱ्यांनाही लागते, त्यामुळे नवी मिळायला अडचण येत नाही. दोन घ्या. घरी आणल्यावर कॅमेरा चामड्याच्या पाकिटात बंद करून कपाटात टाकू नका, चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवा आणि पावसाळ्यात पुड्या बदलत राहा.