सकाळी कमावतो, दुपारी घालवतो

प्रश्न: वय ३४, नाशिकला खासगी नोकरी. ३ वर्षं शेअर बाजारात निफ्टी निर्देशांकाचे ऑप्शन करतोय. ४ लाख २० हजार गेले, त्यातले दीड लाख पर्सनल लोनचे. खात्यात ९० हजार उरलेत. रोज सहा-सात ट्रेड होतात. सकाळी कमावतो, दुपारी घालवतो. बायकोला काहीच माहीत नाही. नोकरी सोडून पूर्ण वेळ दिला तर जमेल का? सातत्याने नफा यायला किती वर्षं लागतात?

उत्तर: नोकरी सोडू नका. घरखर्च ट्रेडिंगमधून काढायचा म्हटलं की महिनाअखेरीला नसलेले ट्रेडही दिसायला लागतात. उरलेले ९० हजार आधी कर्जात भरा. मुदतीआधी फेडण्याचं शुल्क किती, ते बँकेत विचारून घ्या. कर्ज संपेपर्यंत खात्यात नवा रुपया टाकू नका.

किती वर्षं, हे कुणीच सांगू शकणार नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणारे ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. अनेकांचं ते वर्ष कधी येतच नाही, हे मनाशी धरूनच पुढचं वाचा.

ब्रोकरच्या साइटवरून तिन्ही वर्षांचे ट्रेड एक्सेलमध्ये उतरवून घ्या. वेळ, लॉट (ऑप्शन ज्या ठरलेल्या गठ्ठ्यात घ्यावे लागतात तो), नफा-तोटा एवढे रकाने पुरेत. तोटा झाल्यावर १५ मिनिटांच्या आत घेतलेले ट्रेड वेगळे काढा आणि त्यांची बेरीज करा. मग सकाळचे लॉट आणि दुपारचे लॉट शेजारी ठेवून पाहा. सकाळी एक लॉट आणि दुपारी भरपाईसाठी तीन, असं दिसलं तर स्ट्रॅटेजी बदलून काही होणार नाही. सकाळचे तीन नफे दुपारचा एकच तोटा खातो.

खर्चही मांडा. ऑर्डरमागे २० रुपये दलाली धरली तर घेऊन विकायला ४०, जीएसटीसह ४७ रुपये २० पैसे. रोज ६ ट्रेड आणि २० दिवस म्हणजे ५,६६४ रुपये. एसटीटी (सौद्यांवरचा कर), एक्स्चेंजचे चार्जेस, स्टॅम्प ड्युटी वेगळी. लाखाच्या भांडवलावर महिन्याला साडेपाच टक्के कमावले तरी तुम्ही शून्यावरसुद्धा येत नाही.

कर्ज फिटल्यावर पुन्हा उतरायचंच असेल तर बचतीतल्या लाखावर, आणि एका ट्रेडमध्ये जास्तीत जास्त १,००० रुपयांची जोखीम. निफ्टीचा लॉट ६५ चा धरला तर १,००० रुपयांत स्टॉप लॉस (तोटा थांबवायला आपोआप विकायची मर्यादा) जेमतेम १५ रुपयांवर बसतो. प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, तेवढा सहज हलतो, म्हणजे दिशा बरोबर असूनही तुम्ही बाहेर फेकले जाता. मग चिडून स्टॉप काढून टाकायचा मोह होतो, आणि मोठे तोटे तिथूनच येतात. म्हणून सध्या ऑप्शन नकोच. कॅशमध्ये, म्हणजे थेट शेअर घेऊन: ५०० रुपयांचा शेअर, स्टॉप ४९० ला, शेअरमागे जोखीम १० रुपये, म्हणजे १,००० रुपयांत १०० शेअर. हा हिशोब खरेदीच्या आधी कागदावर हवा.

एकच सेटअप (ट्रेड कधी घ्यायचा याची ठरलेली खूण) घ्या आणि त्याचे २०० ट्रेड लिहून काढा. दहातले चार बरोबर आले, नफा सरासरी २,००० आणि तोटा १,०००, तर हातात २,००० उरतात, त्यातूनही खर्च जातो. एवढ्यावरच हा धंदा चालतो. अशा पद्धतीत ओळीने सात-आठ तोटे येतातच. एक टक्का जोखमीवर आठ तोट्यांनी भांडवल ८ टक्क्यांनी घटतं, दहा टक्के जोखमीवर अर्ध्याहून जास्त उडतं. तुमचं नेमकं हेच झालेलं दिसतं. दिवसात २,००० गेले की टर्मिनल बंद करायचं.

यंदाचा तोटा आयटीआर-३ या धंद्याच्या उत्पन्नासाठीच्या विवरणपत्रात मुदतीच्या आत दाखवा. पगारातून तो वजा होत नाही, पण पुढची ८ वर्षं धंद्याच्या उत्पन्नातून होतो.

आणि बायकोला आजच सांगा. ४ लाख २० हजार, कर्ज दीड लाख, हप्ता किती, सगळं. अर्धाच आकडा सांगितलात तर उरलेला अर्धा गुपचूप भरून काढायला उद्या सव्वानऊला बाजार उघडताच तुम्ही पुन्हा स्क्रीनसमोर असाल.