घर चोपड्याकडे (जळगाव जिल्हा), घरी म्हशी आहेत. रोज 10 तास अभ्यासाचं वेळापत्रक आठवड्यात मोडतं. छोट्या सवयीने एमपीएससीची तयारी होईल का? सवय लागायला 21 दिवस पुरतात का?

हो, छोट्या सवयीने तयारी नक्की मार्गी लागते, पण 21 दिवसांचा हिशोब सोडून द्या. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये 96 जणांवर झालेल्या, 2010 साली छापून आलेल्या अभ्यासात गोष्ट अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागलेले दिसले. माणसागणिक 18 ते 254 असा फरक. एखादा दिवस हुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तुम्हाला हेच जास्त उपयोगी पडेल. तिथे प्रत्येकाने नवी सवय रोजच्या एका ठरलेल्या कामाला जोडली होती. तुम्ही चोपड्याकडचे, घरी म्हशी आहेत म्हणता; मग डेअरीवर दूध घालून आलात, किटली धुऊन पालथी घातली, की लगेच ओट्यावर बसून इतिहासाची दोन पानं. पुस्तक रात्रीच काढून ठेवा. दुपारवर ढकलूच नका, मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात डोकं चालत नाही. एवढं मात्र लक्षात घ्या: सवय फक्त बसायला लावते. बसणं जमलं की पानं वाढवा आणि आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवायला घ्या.